मोरचुदापासून जहरी बोलण्यापर्यंत : एका शब्दाची गोष्ट

स्वयंपाक उरकला असेल, नसेल तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आम्ही एका शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. शब्द परका आहे, इंग्रजीतला आहे. पण तो ज्या वस्तूवरून आला ती वस्तू तुमच्यापैकी कित्येकींच्या गोठ्याच्या माळ्यावर, फवारणीच्या पंपाशेजारी पिशवीत पडलेली असेल.

झालं असं, की बारावीत शिकणारी एक मुलगी आमच्याकडे इंग्रजी उतारा घेऊन आली. त्यात एका पुढाऱ्याच्या भाषणाबद्दल लिहिलं होतं, की त्याच्या बोलण्यात नुसतं ‘व्हिट्रिऑल’ होतं. शब्दकोशात तिला दोन अर्थ सापडले. पहिला, अतिशय कडवट, जहरी टीका. दुसरा, गंधकाचं आम्ल. तिनं विचारलं, “ताई, बोलणं आणि ॲसिड, दोन्हीला एकच शब्द कसा?”

प्रश्न आम्हाला आवडला. उत्तर शोधताना आम्ही थेट द्राक्षाच्या बागेत पोचलो, तिथून बाळाच्या गुटीपर्यंत आणि शेवटी आपल्याच बचतगटाच्या बैठकीत येऊन बसलो.

काचेसारखा खडा

लॅटिन भाषेत काचेला ‘व्हिट्रम’ म्हणत. काही क्षार असे असतात की त्यांचे खडे काचेसारखे चमकतात, आरपार दिसतात. अशा खड्यांना लॅटिन लिहिणाऱ्यांनी ‘व्हिट्रिओलम’ म्हटलं, म्हणजे काचेसारखं. तोच शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि व्हिट्रिऑल झाला. चौदाव्या शतकाच्या शेवटाला इंग्रजीत तो आलेला होता. तेव्हा त्याचा बोलण्याशी काही संबंध नव्हता. तो साधा दुकानातल्या वस्तूचा शब्द होता.

हे खडे तीन रंगांचे. निळा, हिरवा आणि पांढरा.

निळा म्हणजे आपलं मोरचूद. तांबं आणि गंधक यांचा क्षार. बघा, युरोपातल्या माणसांना त्या खड्यात काच दिसली आणि आपल्या माणसांना मोर दिसला. संस्कृतात तर त्याला ‘शिखिग्रीव’ असंही नाव आहे, म्हणजे मोराची मान. वस्तू एकच, पण नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यासमोर जे असतं तेच नावात येतं.

हिरवा म्हणजे हिराकस, लोखंडाचा क्षार. उसाची, भुईमुगाची पानं पिवळी पडली की कृषी सहायक ‘फेरस सल्फेट द्या’ म्हणतात, ते हेच. आशाताई आपल्याला ज्या लोहाच्या गोळ्या देतात, त्यांतही औषधी दर्जाचं, शुद्ध केलेलं आणि मोजून घातलेलं फेरस सल्फेट असतं. म्हणून कुणी दुकानातली हिराकस खाऊ नका हं! ती विषारी ठरू शकते. गोळी ती गोळी आणि हिराकस ती हिराकस.

पांढरा म्हणजे झिंक सल्फेट, जस्ताचा क्षार. जमिनीत जस्त कमी पडलं की आपण तो टाकतो.

हिरव्या खड्याची आणखी एक गंमत. जुन्या काळी युरोपात लिहायची काळी शाई बनवत ती हिराकस आणि ओकच्या झाडावरच्या गाठी यांपासून. त्या गाठी म्हणजे कोण, ओळखलंत का? आपलं मायफळ! बाळाला गुटी उगाळताना सहाणेवर दोन वेढे देतो ते. आपल्याकडे हिरड्याच्या पाण्यात हिराकस घालून काळा रंग आणि शाई करत. म्हणजे कडू बोलण्याला हा शब्द मिळण्याच्या कितीतरी आधी, गोड-कडू सगळं लिहिणाऱ्या शाईत हा खडा विरघळलेलाच होता.

खड्याचं तेल झालं

आता गोष्ट वळण घेते. जुन्या रसायनकारांनी हिरवा खडा मातीच्या भांड्यात खूप तापवला. त्यातून वाफ निघाली. ती थंड केल्यावर दाट, तेलासारखा पातळ पदार्थ हाती आला. त्याला त्यांनी नाव दिलं ‘व्हिट्रिऑलचं तेल’. दिसायला तेल, पण ते होतं गंधकाचं तीव्र आम्ल. फारसीत अशा आम्लाला ‘तेजाब’ म्हणतात. तेज म्हणजे तीक्ष्ण, आब म्हणजे पाणी. तीक्ष्ण पाणी.

हे आम्ल जाळतं म्हणजे नेमकं काय करतं? शाळेत सरांनी कधी साखरेवर तीव्र गंधकाम्ल टाकून दाखवलं असेल, तर आठवा. पांढरी साखर आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळीठिक्कर होते आणि कोळशासारखी फुगून वर येते. विस्तव नाही, ज्वाळा नाही. आम्ल साखरेच्या घटकांतून पाणी ओढून काढतं आणि मागे कोळसा उरतो. कापडाचं तेच होतं. कातडीचंही तेच होतं, वर उष्णता निघते ती वेगळीच.

आधी हे आम्ल थोडंथोडं आणि महाग मिळायचं. १७४६ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम गावी जॉन रोबक नावाच्या माणसानं शिशाचे पत्रे लावलेल्या मोठ्या कोठड्यांत ते बनवायला सुरुवात केली. काचेची भांडी फुटत, शिसं टिकत असे. आम्ल भरपूर आणि स्वस्त होऊ लागलं. कापड गिरण्यांना ते हवंच होतं, कापड पांढरं करायच्या कामात ते लागे.

आम्ल असं लोकांच्या रोजच्या ओळखीचं झालं, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी लिहिणारे लोक जाळणाऱ्या, कुरतडणाऱ्या बोलण्यालाही ‘व्हिट्रिऑल’ म्हणू लागले. खड्याचा शब्द तेलाला लागला आणि तेलाचा शब्द जिभेला लागला. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण गोष्ट इथे थांबत नाही.

शब्द पुन्हा हातात आला

स्वस्त झालेली वस्तू वाईट हातातही जाते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, कापड गिरण्यांच्या तंट्यांत, माणसांवर आम्ल फेकण्याचे प्रकार घडू लागले. १८२५ साली स्कॉटलंडसाठी त्याविरुद्ध खास कडक कायदा करावा लागला. पुढे इंग्लंड-फ्रान्समध्ये प्रेम, मत्सर, सूड यांतून असे हल्ले होत राहिले. जो शब्द बोलण्याची उपमा म्हणून वापरायचा, तो वर्तमानपत्रात खऱ्या जळलेल्या चेहऱ्यांसाठी छापला जाऊ लागला.

आपल्या देशात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. लग्नाला नकार दिला म्हणून, घटस्फोट मागितला म्हणून, जमिनीच्या भांडणातून, बायका-मुलींवर ॲसिड टाकलं गेलं. दिल्लीच्या लक्ष्मी अग्रवाल यांच्यावर २००५ साली हल्ला झाला तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. त्यांनी २००६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १८ जुलै २०१३ रोजी न्यायालयानं आदेश दिला, की ॲसिड असं उघड्यावर कुणालाही विकायचं नाही. दुकानदारानं घेणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवहीत लिहायचा, ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवं ते विचारायचं आणि १८ वर्षांखालच्या कुणाला द्यायचं नाही. पीडितेला राज्य सरकारनं किमान ३ लाख रुपये भरपाई द्यायची, त्यातले १ लाख घटना कळल्यापासून १५ दिवसांच्या आत.

त्याच वर्षी कायदाही बदलला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ खाली ॲसिड टाकून इजा करणाऱ्याला किमान १० वर्षं ते जन्मठेप होऊ शकते. नुसता प्रयत्न केला तरी ५ ते ७ वर्षं. कोणत्याही दवाखान्यानं, सरकारी असो की खासगी, पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत. नाकारणं हा गुन्हा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचाही समावेश आहे.

आणि एक गोष्ट पाठच करून ठेवा. शेतात, बॅटरीचं पाणी भरताना किंवा संडास साफ करायच्या ॲसिडनं, कुणाच्याही अंगावर किंवा डोळ्यात आम्ल गेलं, तर आधी पाणी. भरपूर, स्वच्छ, वाहतं पाणी, निदान वीस मिनिटं. भिजलेले कपडे आणि दागिने काढायचे. हळद नाही, तूप नाही, टूथपेस्ट नाही. पाणी आणि मग थेट दवाखाना. मदतीला ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर आहेत.

आपल्या मराठीत काय म्हणतात?

इंग्रजीची गोष्ट झाली. आता आपल्या घरातले शब्द बघू. बोलण्यानं माणूस जखमी होतो हे सांगायला मराठीत काय कमी शब्द आहेत?

बोलणं टोचतं, बोचतं, लागतं, झोंबतं. मिरचीचा हात डोळ्याला लागल्यावर जे होतं तेच बोलण्यानंही होतं, म्हणून ‘झोंबलं’. बोलणं जिव्हारी लागतं. जिव्हार म्हणजे शरीरातली अशी नाजूक जागा, जिथे घाव बसला तर जीव जाईल. एखाद्याची आपण ‘खरडपट्टी’ काढतो. खरडणं म्हणजे पातेल्याच्या बुडाला लागलेलं घासून काढणं, इथे मात्र पातेल्याच्या जागी माणूस! कुणाची ‘बिनपाण्यानं’ करतो, म्हणजे कोरडीच हजामत. जहरी बोलणं हाही आपला नेहमीचा शब्द. जहर म्हणजे विष, हा फारसीतून आलेला.

पण आम्हाला सगळ्यात विचार करायला लावला तो ‘पाणउतारा’ या शब्दानं. यात पाणी आहे. हे पाणी म्हणजे प्यायचं नव्हे. मोत्याचं पाणी म्हणतो, तलवारीचं पाणी म्हणतो, ते. माणसाचं पाणी म्हणजे त्याचं तेज, त्याची अब्रू. चारचौघांत ते पाणी उतरवायचं म्हणजे पाणउतारा.

आता साखरेचा प्रयोग आठवा. आम्ल काय करतं? पाणी ओढून घेतं आणि कोळसा ठेवतं. आपल्या आज्या-पणज्यांनी ती प्रयोगशाळा पाहिली नव्हती. पण जहरी शब्द माणसातलं पाणी काढून घेतात हे त्यांनी अनुभवानं ओळखलं होतं.

आणि दुसऱ्या टोकाचा एक शब्द, ‘टीका’. आज टीका म्हटलं की आपल्याला दोष काढणंच आठवतं. पण मूळ संस्कृतात टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणं. अवघड ग्रंथ सर्वांना कळावा म्हणून त्यावर टीका लिहीत. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी नेवाशात गीता मराठीत उलगडली. ती भावार्थदीपिका, आपली ज्ञानेश्वरी, ही अशीच टीका. म्हणजे टीका मुळात समजावण्यासाठी होती. समोरच्याला जाळण्यासाठी नव्हती.

बैठकीतली गोष्ट

हे सगळं आम्ही तुम्हाला का सांगतोय? कारण आम्हालाही एक कबुली द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच गटात एक वहिनी होत्या. हिशोबाला चोख, पण एका वर्षी त्यांचे तीन हप्ते थकले. मासिक बैठकीत विषय निघाला. नियमाप्रमाणे विचारणं बरोबरच होतं, पैसा सगळ्यांचा होता. पण आम्ही हप्त्याबद्दल विचारून थांबलो नाही. एकीनं त्यांच्या नव्या साडीवर बोट ठेवलं. दुसरीनं नवऱ्याच्या दारूचा विषय काढला. तिसरी म्हणाली, “फुकटचं खायची सवयच लागते एकेकाला.” सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. वहिनी काही बोलल्या नाहीत. पदर सारखा केला आणि उठून गेल्या.

पुढच्या महिन्यात मुलाच्या हाती सगळी थकबाकी आली. व्याजासकट. वहिनी मात्र आल्या नाहीत, त्यानंतर कधीच नाही. पुढे कळलं की साडी माहेरून आली होती आणि हप्त्याचे पैसे सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. त्यांनी ते सांगितलं असतं, जर आम्ही विचारलं असतं तर. आम्ही विचारलंच नव्हतं, फक्त बोललो होतो.

गटाचे पैसे वसूल झाले. गटातली सर्वांत चोख हिशोब ठेवणारी बाई गेली. हिशोबाच्या वहीत हा तोटा लिहायला रकाना नाही. आजही रस्त्यात भेटल्या की वहिनी हसतात, कसं काय विचारतात. पण आमच्या ओट्यावर टेकत नाहीत.

मग बोलायचंच नाही का?

तुम्ही म्हणाल, मग चूक दिसली तरी गप्प बसायचं? मुळीच नाही. आपल्या बायकांना तर पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसायलाच शिकवलं. रेशन दुकानात माप कमी आलं, ग्रामसभेत आपला विषय शेवटी ढकलला, गटाच्या पैशात घोळ झाला, तर बोललंच पाहिजे, खणखणीत बोललं पाहिजे. ‘बाई कडू बोलते’ असं म्हणून बाईचं खरं बोलणं बाजूला सारायची युक्ती जुनीच आहे. तिला फसू नका. अन्यायाविरुद्ध बोलणं म्हणजे आम्ल फेकणं नव्हे.

फरक कुठे आहे, हे सांगायला आपण पुन्हा मोरचुदाकडे जाऊ.

फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ द्राक्षाच्या बागा आहेत. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून नेत, म्हणून तिथले बागायतदार त्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडत. पानं निळी-पांढरी दिसली की कुणी हात लावत नसे. १८८२ साली पियर मिलार्दे नावाच्या वनस्पतीच्या अभ्यासकानं पाहिलं, की आतल्या वेलींची पानं केवडा रोगानं गळाली आहेत आणि रस्त्याकडेच्या शिंपडलेल्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. त्यानं प्रयोग केले आणि १८८५ साली मिश्रणाची कृती जाहीर केली. तेच आपलं बोर्डो मिश्रण. आज नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याची कृती तुमच्यातल्या बऱ्याच जणी डोळे मिटून सांगतील. एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, लोखंडाच्या नाही. मग ढवळत ढवळत एकत्र करायचं. आणि फवारण्याआधी तपासायचं. त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद अजून मोकळं आहे, चुना कमी पडला. आणखी चुन्याची निवळी घालायची. का? कारण नुसतं मोरचूद फवारलं तर पानच करपतं. चुन्यासोबत तेच मोरचूद पानाला धक्का न लावता रोग अडवतं.

मैत्रिणींनो, मोरचूद काढून टाकायला कुणी सांगत नाही. मोरचूद नसेल तर नुसत्या चुन्यानं रोग जात नाही. खरं बोलण्यातला कडूपणा हवाच. पण तो तपासून, मापात, चुन्यासोबत.

आमच्या गटानं त्या वहिनींच्या प्रसंगानंतर तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, थकबाकी असेल तर बैठकीआधी दोघींनी घरी जाऊन विचारायचं, “काय अडचण आहे?” दुसरी, बैठकीत बोलायचं ते कामाबद्दल. साडी, नवरा, माहेर, मूल होणं-न होणं, रंगरूप यांवर एक शब्द नाही. तिसरी, कुणी असं बोललं आणि बाकीच्यांना हसू आलं, तर अध्यक्षांनी तिथेच थांबवायचं. कारण बोलणारी एक असते, पण पाणी उतरतं ते हसणाऱ्यांमुळे. ही आमची खिळ्याची परीक्षा. दर वेळी जमतं असं नाही. पण बोलण्याआधी आता मनात खिळा बुडवून बघतो.

आणि वहिनींकडे? गेलो होतो आम्ही, माफी मागायला. उशिरा गेलो, दोन वर्षांनी. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, “झालं गेलं.” गटात परत या म्हटल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. अंगावर आम्ल पडलं तर पाणी लगेच ओतावं लागतं. शब्दांचंही तसंच असावं. उशिरा ओतलेलं पाणी जखम धुतं, डाग पुसत नाही.

पुढच्या बैठकीत हा भाग मोठ्यानं वाचा आणि या तीन प्रश्नांवर बोला.

१. आपल्या गटातून कुणी न सांगता येणं बंद केलं आहे का? तिला शेवटी काय बोललो होतो?

२. आपल्या बोलीत कडू बोलण्याला कोणते शब्द आहेत? ते कोणत्या वस्तूवरून, कोणत्या कामावरून आले असतील?

३. थकबाकी विचारायची आपल्या गटाची रीत काय? त्यात चुना किती आणि मोरचूद किती?

तुमच्या भागातले शब्द आम्हाला पत्रानं किंवा फोननं जरूर कळवा. पुढच्या वेळी त्यांचीच गोष्ट सांगू. तोवर, नमस्कार.